चिंबोरी, कोळसा आणि नांगर

खाडीकाठी रंगाऱ्यांच्या भट्ट्या पेटू लागल्या, त्या काळातली ही गोष्ट. पाणी वरून नितळ दिसे, पण भट्ट्यांतून येणारं विष सगळं खाली गाळात बसलेलं. चिंबोरी खेकडी पिल्लांना घेऊन या बिळातून त्या बिळात पळत होती. जाईल तिथे पायांची आग होई.

एकदा भट्ट्यांकडे निघालेल्या नावेतून टोपली उलटली आणि करवंटीचा कोळसा गाळात येऊन पडला.

"पिल्लं माझ्यापाशी ठेव," तो म्हणाला. "जळताना माझ्या अंगाला हजार भोकं पडलीत. विष मी धरून ठेवतो."

"आणि तू भरलास की मग काय रे, दादा?" चिंबोरीचे पाय काही थांबेनात.

तेव्हा शेजारी रुतलेला होडीचा जुना नांगर कोळशाला कुरकुरत म्हणाला, "माझा गंज अंगाला लावून घे. तू विष धर, मी ते फोडतो."

गंज कोळशाच्या भोकाभोकांत उतरला. हळूहळू भोवतीचा गाळ निवला. पिल्लं पहिल्यांदाच शांत झोपली.

चिंबोरी मात्र पुन्हा निघाली.

"आता कुठे?" नांगर चिडला. "गाळ निवला ना?"

"निवला. पण वरून भट्ट्यांचं विष अजून येतंच आहे. पिल्लांकडे बघा जरा. भट्टीवाल्याची पिल्लं कुठे झोपतात, ते मी बघून येते."