कोंडोशेटनं राखलेला दिवा

"दिवाळं काढायचंय? काढ की! पण दिवा विझला, तर आमच्या नावानं बोंब मारायची नाही!" महाराजांनी भर दरबारात बजावलं आणि म्हादबा हलवायानं कपाळाला हात लावला.

झालं होतं असं. इनामदारांच्या घरच्या लग्नासाठी म्हादबानं उधारीवर साखर, तूप, सरपण आणून ढीगभर मिठाई केली. आणि नवरदेव हळद लागायच्या आधीच पळाला! मिठाई पडून राहिली, पैसे बुडाले. वाणी, गवळण, मोळीविक्या हे घेणेकरी बिचारे गप्प होते. पण वरखर्चाला कर्ज दिलेला कोंडोशेट सावकार कसला गप्प बसतोय! त्यानं दुकानाच्या दारात दगडू नावाचा आडदांड गडी तगाद्याला बसवला. गिऱ्हाईक दिसलं की दगडू गरजायचा, "आधी शेटचे पैसे टाक, मग पेढे वीक!" गिऱ्हाईक पळालं की तेच पेढे स्वतः मटकवायचा.

खरं सांगू? कोंडोशेटला पैसे नकोच होते. त्याला म्हादबाच हवा होता! कर्ज फिटेपर्यंत त्यानं शेटच्या घरी फुकट राबायचं, असा करार होता. आणि असलं कर्ज कधी फिटतं होय?

सुटायची वाट एकच होती. राज्याचा जुना रिवाज असा, की दिवाळं काढणाऱ्यानं दिवसाढवळ्या दुकानाच्या उंबऱ्यावर दिवा लावायचा. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत तो तेवला, की असेल नसेल ते सगळ्या घेणेकऱ्यांनी वाटून घ्यायचं आणि माणूस मोकळा! मध्येच विझला, तर कर्ज मानगुटीवर तसंच. पण आजवर एकाही दिव्यानं गावात दुपार पाहिली नव्हती. कोंडोशेटची माणसं फुंकर मारायला टपलेलीच असायची.

"महाराज, निदान फुंकर मारायला तरी बंदी करा!" म्हादबा काकुळतीला आला.

महाराज हट्टी! "आमच्या आजोबांनी घालून दिलेला रिवाज आहे हा. त्यात काडीचा बदल होणार नाही. दिवा तुझा, राखायचाही तूच!"

म्हादबा घरी येऊन डोकं धरून बसला. "गोजरा, गेलो गं मी शेटच्या गोठ्यात शेण काढायला."

गोजरा त्याची एकुलती एक लेक. बापाचा तो चेहरा बघून तिला रडूच आलं, आणि मग त्या शेटचा असा राग आला की रडू जागच्या जागी थांबलं.

"आबा, उद्या दिवा लावायचा."

"अगं, पण राखणार कोण?"

"कोंडोशेट!"

पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला, असंच म्हादबाला वाटलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत कोंडोशेट दगडूला घेऊन दुकानासमोर हजर! गंमत बघायला गाव जमलं. तेवढ्यात गोजरा काठापदराचं लुगडं नेसून बाहेर आली. हातात तबक, तबकात कुंकू, अक्षता आणि तेलानं भरलेलं निरांजन.

"काका, आज आमचं घरदार तुमच्या हाती जायचं. तुम्हीच आता आमचे मायबाप. जरा पाटावर बसा, ओवाळते."

शेट फुगला. एवढ्या गावासमोर मान मिळतोय, कोण सोडतो! मिशीला पीळ देत तो पाटावर बसला. गोजरानं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं आणि ती खणखणीत आवाजात म्हणाली, "देवा, जशी ही ज्योत, तसं काकांचं आयुष्य! तेवत राहू दे!"

सगळं गाव म्हणालं, "तेवत राहू दे!"

सूर्य वर आला. गोजरानं निरांजन उंबऱ्यावर ठेवलं. "हा आमच्या दिवाळ्याचा दिवा. काका, विझवा आता!"

दगडूनं गाल फुगवले.

"थांब, गाढवा!" कोंडोशेट किंचाळला आणि त्यानं दगडूच्या थोबाडावर हात ठेवला. "माझं आयुष्य आहे ते!"

झालं! वारा आला की शेट उपरणं धरून आडवा. पोरं धावत आली की शेट त्यांच्या अंगावर धावून जायचा. कोणी शिंकायला लागलं, तर शेट त्याचं नाकच दाबायचा! दुपारी गोजरा म्हणाली, "अगंबाई, तेल संपत आलं! आमच्या घरात तर थेंब नाही हो काका."

कोंडोशेटच्या घरून तुपाची बुधली आली.

संध्याकाळी महाराज स्वतः बघायला आले. बघतात तर शेट घामाघूम, नाकाला काजळी, ज्योतीभोवती दोन्ही हात धरून बसलेला!

"काय शेट, तुम्ही तर विझवायला आला होता ना?"

"महाराज, तेवढं सूर्याला लवकर मावळायला सांगा हो!"

सूर्य मावळला. गोजरानं ज्योत जपून आत देवापुढे नेऊन ठेवली, तेव्हा कुठे शेटचा जीव भांड्यात पडला. सगळी हकिगत ऐकून महाराज पोट धरधरून हसले.

"दिवाळं मंजूर! म्हादबा मोकळा!"

म्हादबा मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. मग वाटणी झाली. वाण्याला उरलेली साखर, गवळणीला पराती, मोळीविक्याला तराजू आणि शेटच्या वाट्याला मोठी पितळी कढई. काहीच नाही त्यापेक्षा बरं, म्हणून शेटनं ती काखोटीला मारली. तोच गोजरा तबक घेऊन आडवी आली.

"निघालात कुठे काका? ओवाळून घेतलंत, ओवाळणी कुठाय?"

शेटनं कनवटी चाचपली. रिकामी! "उद्या देतो की."

"उद्या? महाराज, शेटजींकडे माझं येणं थकलंय! बसू का त्यांच्या दारात तगाद्याला?"

महाराजांना हसता हसता ठसका लागला. "शेट, ओवाळणी आत्ताच घाला!"

"पण महाराज, जवळ काहीच नाही हो!"

"असं कसं?" गोजरा म्हणाली. "काखेत कढई आहे की!"

कढई काही तबकात मावेना, म्हणून ती उंबऱ्यावरच ठेवावी लागली. महाराजांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि हसत हसत तिच्यात टाकलं.