चिचूची ऊब आणि अँकरच्या टोप्या

एका कारखान्यात होती एक भट्टी. तिचं पोट हे एवढं मोठं. भट्टीला टेकून राहायची चिचू. चिचू म्हणजे पिटुकली चिचुंद्री. नाक लांब, शेपूट लांब, मधे चिचू थोडीशीच.

रोज भट्टी पेटायची. रोज चिचूची पाठ शेकायची. मग चिचू झोपायची. घुर्र घुर्र.

एक दिवस काय झालं? धप्प! भट्टीच्या पोटातला लेप पडला. भट्टी विझली. ऊब गेली. चिचूला झोप येईना बाई. कुडकुड कुडकुड.

"भट्टी भट्टी, पेट गं. मला ऊब दे गं."

भट्टी म्हणाली, "लेप नाही, काही नाही. माझं पोट भाजेल. जा, मी नाही पेटत. गवंडीमामाला सांग."

चिचू निघाली. तुरू तुरू तुरू.

तानूमामा गवंडी थापी घेऊन बसले होते.

"मामा मामा, लेप लिंपा. भट्टी पेटेना, ऊब मिळेना, चिचू कुडकुडे."

मामा म्हणाले, "नुसता लिंपू? पुन्हा पडेल धप्प. लेपाला धरून ठेवायला अँकर लागतो. स्टीलचा, दोन शिंगांचा. जा, मी नाही लिंपत. वेल्डरचाचाला सांग."

तुरू तुरू तुरू.

रज्जाकचाचा वेल्डर काळा चष्मा पुसत होते.

"चाचा चाचा, अँकर जोडा. मामा लिंपेना, भट्टी पेटेना, ऊब मिळेना, चिचू कुडकुडे."

चाचा म्हणाले, "जोडतो की. पण तो पेटीतून बाहेर येईल तर ना. जा, मी नाही जोडत. अँकरला सांग."

तुरू तुरू तुरू.

पेटीत अँकर रुसून बसला होता. चकचकीत, पण फुगलेला.

"अँकर अँकर, बाहेर ये रे. चाचा जोडेना, मामा लिंपेना, भट्टी पेटेना, ऊब मिळेना, चिचू कुडकुडे."

अँकर म्हणाला, "माझ्या शिंगांच्या टोप्या कुठायत? तापलो की मी वाढतो. टोपी वितळते, तेवढी जागा मला मिळते. ती नसली तर लेप तडकतो. जा, मी नाही येत. कोंबडीला सांग."

तुरू तुरू तुरू.

कोंबडी बसली होती टोप्यांवर. पिवळ्या पिवळ्या टोप्या. तिला वाटलं, अंडीच.

"कोंबडीताई, ऊठ गं. अँकर येईना, चाचा जोडेना, मामा लिंपेना, भट्टी पेटेना, ऊब मिळेना, चिचू कुडकुडे."

कोंबडी म्हणाली, "पिल्लू निघाल्याशिवाय? जा, मी नाही उठत."

"अगं ताई, या टोप्या आहेत."

"असू देत. माझी अंडी अशीच असतात."

आता कुणाला सांगायचं? कुणीच उरलं नाही. चिचूला रडूच आलं. ती हळूच शिरली कोंबडीच्या पोटाखाली. एक टोपी बसली डोक्यावर. चिचूनं नाक बाहेर काढलं. चीं चीं!

कोंबडीनं वाकून पाहिलं.

"निघालं गं बाई माझं पिल्लू! चोच जरा लांब आहे. शेपूट वडलांवर गेलंय."

आणि कोंबडी उठली. फडफड.

अँकर टोप्या घालून आला. टुणुक टुणुक. चाचांनी जोडला. चर्र चर्र. मामांनी लिंपलं. थप थप. लेप वाळला. भट्टी पेटली. भुर्र भुर्र.

ऊब आली. चिचूची पाठ शेकली. डोळे मिटायला लागले.

तेवढ्यात आली कोंबडी. बसली की चिचूवर.

"ताई, मी चिचुंद्री आहे गं."

"बरं बरं. झोप आता."

पाठीला भट्टी. वरून आई.

चिचू झोपली. घुर्र घुर्र.