निळी ज्योत

एका राज्यात चुली पेटत, दिवे लागत, पण कुठल्याच ज्योतीला रंग नसे. राखाडी आग मुकाट्यानं भाकरी भाजी आणि विझून जाई.

कारण घडलं ते असं. राज्याभिषेकाला भस्मनाथ मांत्रिक आगीची स्तुती गात होता आणि राजा मधेच जांभई देऊन उठला. मांत्रिकानं त्याच क्षणी राज्यातल्या आगीचे सगळे रंग ओढून घेतले. शोभेची दारू करणाऱ्या इरावतीची चार वर्षांची कुंदा तेव्हा आईनं केलेली चंद्रज्योत एकटक पाहत होती. रंगांबरोबर तिचं भानही ओढलं गेलं. डोळे उघडे, श्वास चालू. पण पोर हलेना, बोलेना.

इरावतीनं मांत्रिकाचे पाय धरले. तो म्हणाला, "तांबडी, हिरवी, निळी. तीन दिवसांत तीन ज्योती तिच्यासमोर पेटव. एक जरी उणी पडली, तर पोरीची राख होईल."

इरावती मुळातच काळजीखोर. पोर शिंकली तरी वैद्याला तीनदा निरोप धाडणारी. आपण ती चंद्रज्योत केलीच नसती तर, हे मनाशी घोळवतच ती निघाली.

पहिल्या दिवशी ती यक्षाच्या खाणीत गेली. यक्षानं जड पांढरा दगड दिला आणि बदल्यात तिची सावली ठेवून घेतली. दगडाची पूड दारूत मिसळली, तशी तांबडी ज्योत उठली. कुंदाचे ओठ हलले.

दुसऱ्या दिवशी तिनं तळ्यात बुडी मारली. तळाशी शापित खजिन्यावर नाग बसला होता. त्याची परवानगी घेऊन तिनं तांब्याच्या हंड्यावरचा हिरवा जंग खरवडून आणला. हिरवी ज्योत उठली. कुंदाची बोटं हलली.

निळी ज्योत मात्र कुणालाच ठाऊक नव्हती. तिसऱ्या दिवशी कौलावर साळुंकी येऊन बसली.

"तांब्याचा जंग तोच घे, बाई. त्यात नवसागर घाल. आणि आग मंद ठेव, निळ्याला फार ताप सोसत नाही."

रंग येतो कुठून, असं इरावतीनं विचारलं. साळुंकीनं सांगितलं की मांत्रिकानं आगीचे रंग नेले, धातूंचे नाहीत; धातूच्या कणाकणात पायऱ्या असतात. आगीच्या धगीनं कण वर उडी घेतो आणि खाली उतरताना उजेड टाकतो. ज्याची पायरी जेवढी उंच, तसा त्याचा रंग.

इरावतीनं मिश्रण केलं. ज्योत पिवळी. पुन्हा केलं. पिवळी. तिसऱ्यांदाही पिवळीच. सूर्य कलला. आता जंग एका ज्योतीपुरताच उरला.

थोरली जाऊ भागुबाई उंबऱ्यात उभी राहून पाहत होती. ती म्हणाली, "मिश्रणाची चिमूट तळहातावर चोळून बघायची, ही आपल्या घरची रीत खरी. पण एकदा बघायची गं. तू वीसदा बघतेस, आणि तळहात तर पाझरताहेत नुसते."

साळुंकी पंख साफ करता करता म्हणाली, "घामात मीठ असतं, ते मिश्रणात उतरतं. मिठातला धातू दांडगा, जरासा असला तरी त्याचा पिवळा सगळ्यांवर चढतो. तांबडा-हिरवा तगले. निळा नाजूक आहे."

इरावतीनं हात पदराला पुसले. ते पुन्हा ओले झाले. ज्या जावेच्या हाती तिनं कधी कुंदाची अंघोळही सोपवली नव्हती, तिच्यापुढे तिनं मिश्रणाचं ताट सरकवलं.

"जाऊबाई, तुम्ही करा."

भागुबाईनं कोरडा लाकडी चमचा घेतला. इरावती दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. नवसागर पुरला का, असं विचारायला तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं.

भागुबाईनं हळूच बत्ती दिली. धूर झाला, फुरफुर झाली, आणि बुटकी, स्थिर, निळी ज्योत उभी राहिली.

घरोघरच्या चुली सोनेरी झाल्या. यक्षानं सावली परत धाडली. राजानं उभं राहून भस्मनाथाची स्तुती शेवटच्या कडव्यापर्यंत ऐकली.

आणि कुंदानं पापणी मिटली, उघडली, आईकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "आई, तू हातांवर का बसलीयेस?"

तिथं ज्योतीला रंग आला, इथं गोष्टीला विसावा मिळाला.