आधी कोण निघणार?

तळ्यांना अजून नावं पडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एक तळं आटत चाललं होतं आणि नदी दोन शेतं पलीकडे होती. पाटील कासव रोज बैठक घेई. "निघायला तर हवंच. आधी कोण निघणार?" असं त्यानं विचारलं, की सगळ्यांच्या माना कवचात जात. त्याचीही जाई.

सातव्या बैठकीत धोंडाक्का कासवीण वैतागली. "अहो पाटील, चिखलसुद्धा वाळला. आता धुळीत बैठक घेणार का?"

"आक्का, आधी सगळ्यांचं एकमत तरी होऊ द्या," पाटील कवचातूनच म्हणाला.

धोंडाक्का तापलेल्या शेतात उतरली. ढेकळांवरून दोनदा उताणी पडता पडता सावरली. बांधावर दम खायला थांबली, तर मागे सगळ्यांची रांग लागली होती. शेवटी पाटील होता.

"आक्का, पाणी दिसतंय का?" त्यानं लांबूनच विचारलं.

"इथवर या आणि बघा," म्हणत ती पुढे चालू लागली.