मिठाची मोकळी वखार

नांदगिरी शहरात शिरवली नदीच्या काठाने दगडी वखारींची सलग रांग आहे. त्यांतल्या सर्वांत सखल वखारीला दोन्ही अंगांना दरवाजे आहेत, पण फळ्या एकालाही नाहीत. पाहुणे विचारतात, तेव्हा हमालांचे वृद्ध मुकादम दौलतराव उंबऱ्याबाहेर उभे राहूनच सांगतात.

पूर्वी ही मिठाची वखार होती. धाकू आणि त्याची बायको राही तिची राखण करीत. एका श्रावणात डोंगराचा ओढा फुटला. वखारींची रांग आडवी आल्याने पाणी मागच्या हमालवाडीत तुंबले. ते नदीत सोडायचे तर या वखारीतूनच, दोन्ही दारे उघडून. नदीकडच्या दाराचा अडसर आतून होता. तो काढून धाकूने शिडीने माळ्यावर चढायचे, हाक द्यायची आणि मग राहीने वाडीकडची कडी काढायची, असे ठरले.

"जन्मभर तुझ्या हाकेला ओ देतोय," धाकू म्हणाला म्हणे. "आज तू माझ्या हाकेची वाट बघ."

"बघते. पण लवकर द्या, नाहीतर पान खात बसाल."

धाकू आत गेला, राहीने मागून कडी लावली आणि ती ओट्यावर खांबाला धरून उभी राहिली. पाणी कमरेला आले, मग बायांच्या कडेवरच्या पोरांच्या छातीला लागले. हाक येईना.

"राहीवैनी, काढा कडी!" छपरांवरून माणसे ओरडत होती.

"अहो, चढलात का?" तिने विचारले. दाराला कान लावला. पुन्हा विचारले.

मग तिने कडी काढली.

वाडी वाचली. मीठ नदीत गेले, धाकूही गेला. काहींच्या मते त्याने हाक दिली होती, ती पाण्याच्या आवाजात बुडाली. काहींच्या मते त्याचा पाय शिडीला लागलाच नव्हता. राही त्याविषयी कधीही बोलली नाही, यावर मात्र सर्व कथनांचे एकमत आहे. ती रडलीही नाही. संध्याकाळी तिने वाडीसाठी भाकऱ्या थापल्या. त्या अळणी होत्या. सगळ्यांनी त्या संपवल्या. या वखारीला पुन्हा फळ्या कोणी बसवल्या नाहीत.

आजही वखारआळीतले हमाल कोणतेही बंद दार उघडण्यापूर्वी "चढलात का?" असे विचारतात. आत कोणी नाही हे ठाऊक असते, तरी क्षणभर थांबतात. उत्तर येत नाही. मग ते कडी काढतात.