अर्धा राहिलेला डाव

पुराने वहाळाच्या ओढ्यावरचा लाकडी साकव, येण्याजाण्याचा एकुलता पूल, नेला आणि शेवंतीची लेक पलीकडच्या वाडीत राहिली. लेकीला मुलगी झाली, बारसंही उरकलं. वाऱ्याबरोबर नातीचं रडणं अलीकडे ऐकू येई, पण मधे छातीभर पाणी होतं.

नवा साकव घालायला सगळे राबायला तयार होते. पुरेसं लांब माडाचं खोड मात्र एकट्या आत्माराम खोतांच्या बागेत पडलेलं होतं.

"माझं पलीकडे काय काम?" खोत ओटीवरून गुरकावले. "ते दाखव, शेवंते, आणि खोड ने."

शेवंतीने ओटीवरच्या बुद्धिबळाच्या पटाकडे पाहिलं. "आण्णा, सोंगट्यांवर धूळ बसलीय. डाव पुरा का नाही करत?"

"कोणाशी करू? बाबल पलीकडे अडकलाय ना!"

"मग सापडलं की तुमचं काम."

खोतांनी एका सोंगटीवरची धूळ फुंकली. मग त्यांनी गड्यांना हाक मारली.

साकव उभा राहिला त्या दिवशी पलीकडच्या काठावर बाबल वाट बघत होता. साकवावरून एका वेळी एकच माणूस जाई. त्याने पाऊल उचलताच अलीकडे शेवंतीशेजारी उभे असलेले खोत ओरडले, "थांब रे बाबल! आधी शेवंतीला येऊ दे. डाव थांबेल आपला, नात किती थांबणार?"