बग्गी वळण्याची जागा

एका नगरात पायी चालणं कमीपणाचं समजत. शेजारून विरजण आणायचं असलं तरी माणसं बग्गी जोडत, आणि बग्गी जोडून होईपर्यंत इकडे दूध थंड होई. कुणी पायी जाताना दिसला की लोक हळहळत, "काय वेळ आली बिचाऱ्यावर!" नगरातल्या वैद्यांचं मात्र उत्तम चाललं होतं.

या नगराच्या राजाला मुलांसाठी शाळा बांधायची होती. जागा निवडण्याचं काम त्यानं कारभाऱ्यांवर सोपवलं. कारभारी हुशार होते, निदान ते स्वतः तसं सांगत. त्यांची एकुलती एक नात याच शाळेत जाणार, म्हणून त्यांनी जातीनं लक्ष घातलं.

जागा दोन होत्या. एक नगराच्या मधोमध, टेकाडावर. सगळ्या आळ्यांतून तिथं पायवाटा जात. दुसरी त्याच टेकाडाच्या उताराखाली, वेशीबाहेर, नदीकाठचं मैदान. सपाट, हिरवंगार, ऐसपैस. कारभाऱ्यांनी दोन्ही जागा बग्गीत बसून पाहिल्या. म्हणजे एकच पाहिली. टेकाडावर बग्गी चढेना.

"मैदानच बरं," जेवताना ते बायकोला म्हणाले. "टेकाडावर बग्गी वळत नाही. जिथं बग्गी वळत नाही, तिथं विद्या कशी येणार?"

"अहो, पण त्या मैदानावर आजवर कुणी साधं खोपटंसुद्धा बांधलं नाही. ते का?"

"अगं, म्हणून तर मोकळं आहे!"

"आणि ऐन उन्हाळ्यात हिरवं कशानं राहतं?"

"निसर्ग!" असं म्हणून कारभाऱ्यांनी आमटी मागितली. बायकोनं वाढली, पण पळी जरा आपटूनच.

शाळा उभी राहिली. भोवती उंच भिंत आणि दार एकच, तेही नदीच्या बाजूला, कारण बग्ग्यांचा रस्ता तिकडून होता.

शाळेच्या बाईंनी विनवलं, "साहेब, टेकाडाच्या अंगाला एक लहानसं दार ठेवा. मुलांना पायी येता-जाता येईल. पाणीबिणी आलंच तर वर पळता येईल."

"बाई, मागचं दार चोरांच्या सोयीचं असतं," कारभारी म्हणाले. "आणि मुलं पायी आली, तर कोण कुणाचं ते लोकांना कळणार कसं?"

ते कळावं म्हणून शाळा सुटताना दारात चोपदार उभा राही. ज्याचा मान मोठा त्याची बग्गी तो आधी पुकारी, सगळ्या बिरुदांसकट. बिरुदं संपल्याशिवाय मुलानं ओसरी उतरायची नाही आणि पुढची बग्गी हलल्याशिवाय मागचीनं हलायचं नाही. शाळा भरायला लागे त्याच्या कितीतरी पट वेळ सुटायला लागे. मुलांचं शिक्षण बेताचंच झालं, पण सरदारांची बिरुदं त्यांना तोंडपाठ झाली.

श्रावणातल्या एका दुपारी, शाळा सुटायच्या सुमारास, डोंगरातलं पाणी नदीला आलं आणि बघता बघता मैदानात शिरलं. मैदान हिरवं कशानं राहतं, ते आता सगळ्यांना कळलं.

कारभारी नातीला न्यायला आले होते. मानाप्रमाणे त्यांची बग्गी सर्वांत पुढे, दाराशी होती. मागं रस्ताभर बग्ग्याच बग्ग्या. वळायला कुणालाच जागा नाही. चाकं निम्मी बुडाली, तरी चोपदार गुडघाभर पाण्यात उभा राहून पुकारत होता, "शत्रुमर्दन, रणधुरंधर..."

मागं दोन सरदारांची जुंपली होती.

"आधी माझी बग्गी! तुझे आजोबा माझ्या आजोबांचा घोडा धरायचे!"

"धरायचे, कारण तुझ्या आजोबांना चढता येत नव्हतं!"

ओसरीवरून नात ओरडली, "आजोबा, उतरा ना! वर्गात पाणी आलंय!"

"उतरतो गं बाळ! चौरंग आणायला पाठवलंय!" चौरंगावर पाय ठेवल्याखेरीज कारभारी कधी बग्गीतून उतरत नसत. चौरंग एव्हाना पाण्यावर बसून पुढच्या गावाला निघाला होता.

कारभाऱ्यांनी खाली पाहिलं. गढूळ पाणी होतं आणि मागं सगळं नगर बघत होतं. मग त्यांनी समोर पाहिलं. पाणी ओसरीवर चढलं होतं, आणि नातीनं आपल्याहून धाकट्या एका मुलीला कडेवर घेतलं होतं.

कारभाऱ्यांनी धोतर खोचलं आणि उडी मारली. पगडी गेली. मागून कुणीतरी किंचाळलं, "कारभारी पायी!" पूर आल्यावरसुद्धा इतक्या मोठ्यानं कुणी किंचाळलं नव्हतं.

"बाई, मुलांना टेकाडावर न्या!"

"कुठून नेऊ, साहेब?" बाईंनी मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. "चोरांची गैरसोय करून ठेवलीत ना!"

कारभाऱ्यांनी भिंतीला खांदा लावला. भिंत हलेना. उभ्या कारकिर्दीत त्यांनी प्रामाणिकपणे केलेलं ते एकच बांधकाम, आणि नेमकं तेच नडलं.

"घोडे सोडा! बग्गीचा दांडा काढून आणा!" ते ओरडले.

खुद्द कारभारी पाण्यात उतरलेले पाहून सरदारांनाही उतरण्याची लाज वाटेना. दांडा आला. पुढचं टोक कोणी धरायचं यावरून थोडं वाजलंच; पण बाईंनी "गप्प!" म्हटल्यावर सगळे गप्प झाले. धडका बसल्या, भिंतीला भगदाड पडलं, आणि मुलं एकमेकांचे हात धरून टेकाड चढू लागली. घोडे भिंतीला वळसा घालून, पोहत आधीच वर पोचले होते. त्यांना बिरुदं नव्हती.

सरदारांना चढायची सवय कुठली? मुलं थांबून थांबून त्यांना हात देत होती. कारभाऱ्यांनी नातीला उचलून घेतलं होतं.

"आजोबा, मला खाली ठेवा. तुम्हाला धाप लागलीय," ती म्हणाली. "मीच धरते तुम्हाला."

वरून पाहिलं तर शाळेचं फक्त छप्पर दिसत होतं. बग्ग्या वाहून चालल्या होत्या, मानपान न पाहता.

दुसऱ्या दिवशी कारभाऱ्यांनी राजाला सांगितलं, "जागा निवडताना मी चुकलो." मग शाळा टेकाडावर झाली. प्रत्येक आळीच्या बाजूला एक दार झालं, पायवाटा फरसबंद झाल्या, कडेनं झाडं लागली. नगरात पुढं कधी पाणी आलं तर आळ्यांतल्या लोकांनी कुठं जायचं, हेही ठरलं.

शाळा पाहायला राजा हत्तीवरून आला. पायथ्याशी कारभारी उभे होते.

"महाराज, इथून पुढं पायी."

राजानं वरूनच विचारलं, "वाट थोडी रुंद केली तर?"

"तर उद्या तिथून बग्ग्या येतील. महाराजांनी दुसरा कारभारी पाहावा. मी वाट रुंद करणार नाही."

राजानं अरुंद वाटेकडे पाहिलं. हत्तीनं कान हलवले.

"बरं, उतरतो," राजा शेवटी म्हणाला. "पण आमच्या हत्तीचं काय?"

आजोबांच्या मागून नात पुढं आली. "तो इथंच थांबेल, महाराज. त्याचं नाव पटावर नाही."

तात्पर्य: शाळा अशा जागी बांधावी, जिथं मूल रोज पायी पोचेल आणि संकट आलं तर पायीच सुखरूप निघेल. मोठ्यांच्या वाहनांची सोय त्यानंतर पाहावी, जागा उरली तर.